गोव्यातला खल आणि कँडीतला दात

श्रीलंकेची सहल करून आलेल्या कुणालाही विचारा, "कँडी पाहिलीत का?" उत्तर ठरलेलं असतं : "पाहिली ना! ते दाताचं देऊळ, तळं, आणि संध्याकाळी नाचाचा कार्यक्रम." पाच-सहा दिवसांत कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी एखादा समुद्रकिनारा, असा तो बेत असतो. त्यात कँडीच्या वाट्याला एक रात्र येते. वाटाड्या सांगतो की इथं बुद्धाचा दात आहे, मग चपला काढायच्या, फुलं वाहायची, फोटो काढायचे आणि पुढं निघायचं. पण त्या दाताच्या गोष्टीतलं एक मोठं प्रकरण आपल्या गोव्यात, मांडवीच्या काठी घडलं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. वाटाड्या सांगत नाही, आणि गोव्यातून गेलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

आधी वाटेविषयी. कोलंबोहून कँडी साधारण ११५ किलोमीटर. निम्मी वाट आपल्याच मुलखातली वाटते. माड, फणस, सुपारी, लाल माती, भातशेती, घरासमोर चाफा. जेवणात खोबऱ्याचं संबोल आणि माशाला ‘गोरका’ नावाचं आंबट. हे गोरका म्हणजे आपल्या भिरंडांच्याच कुळातलं फळ. त्यामुळं जेवताना परकं असं काही वाटत नाही. मग एकाएकी चढ लागतो. आगगाडी डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेऊ लागते, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. इंग्रजांनी ही रेल्वे १८६७ साली कँडीपर्यंत नेली. याच घाटात बलन नावाचं एक लहान स्थानक आहे. सिंहली भाषेत ‘बलनवा’ म्हणजे बघणं. बलन म्हणजे टेहळणीची जागा. इथं बसून कँडीचे पहारेकरी खालच्या मैदानातून कोण वर येतंय ते बघत असत, आणि वर येणारे बहुतेक वेळा पोर्तुगीज असत.

हे पोर्तुगीज लिस्बनहून सरळ लंकेत येत नसत. त्यांची सूत्रं गोव्यातून हलत. हुकूम गोव्याचा, व्हाइसरॉय गोव्याचा, कुमक गोव्याची. किनाऱ्यावरचा बराच मुलूख त्यांनी घेतला, पण हे डोंगर मात्र त्यांना कधीच पचले नाहीत. १५९४ मध्ये पेद्रू लोपिश द सौझा कँडीवर चालून गेला आणि सैन्यासकट बुडाला. १६३० मध्ये कोंश्तांतिनू द सा हा कप्तान-जनरल रांदेनिवेल इथं मारला गेला. १६३८ मध्ये दियोगू द मेलो कँडी जाळून परत फिरला, आणि महावेली नदीच्या काठी गन्नोरुवा इथं त्यालाही राजसिंह दुसरा याच्या लोकांनी गाठून संपवला. आज पेरादेनियाचं प्रसिद्ध वनस्पती उद्यान पाहायला सगळे जातात. गन्नोरुवा त्याच्या समोरच, नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. उद्यानातल्या बाकावर बसून शेंगदाणे खाताना समोर रणभूमी आहे, याचा पत्ताही लागत नाही.

कँडी हे नाव परक्यांनी ‘कंद उड रट’, म्हणजे डोंगरावरचं राज्य, यातून काढलं. सिंहली माणूस आजही या गावाला ‘महनुवर’ म्हणतो. नुवर म्हणजे नगर. जरा कान देऊन ऐकलं तर ही भाषा आपल्या भाषेची दूरची बहीण आहे हे कळतं. गाव म्हणजे ‘गम’, हात म्हणजे ‘अत’, दात म्हणजे ‘दत’. देवळाचं नाव ‘दळदा माळिगाव’. यातला ‘माळिगाव’ म्हणजे महाल, आणि ‘दळदा’ म्हणजे पालीतला ‘दाठाधातु’. त्या दाठेचीच आपली दाढ झाली. हिंडताना आणखी एक नातं सापडतं, ते मात्र रक्ताचं नव्हे, राजवटीचं. खिडकीला ‘जनेलय’, टेबलाला ‘मेसय’, सदऱ्याला ‘कमिसय’, स्वयंपाकघराला ‘कुस्सिय’, पावाला ‘पान’. आपल्या जुन्या घरांतलं जनेल, मेज, खमीस, कुझीन आणि पाव आठवा. एकाच धन्याच्या दोन चाकरांनी एकच बोली उचलावी, तसं हे झालं आहे.

आता दाताकडं वळू. बुद्धाच्या चितेतून राहिलेला एक दात कलिंग देशात होता. चौथ्या शतकात तिथं युद्ध पेटलं तेव्हा हेममाला नावाच्या राजकन्येनं तो आपल्या केसांत लपवला आणि नवरा दंतकुमार याच्यासह ती लंकेला आली, अशी परंपरा सांगते. अनुराधपूरच्या राजानं दाताला मानानं ठेवून घेतलं. पुढं राजधानी जिथं जाईल तिथं दात गेला : पोलोन्नरुव, दंबदेणिय, यापहुव, कुरुणेगल, गंपोळ, कोट्टे. हळूहळू एक समज पक्का झाला की ज्याच्याजवळ दात, तोच लंकेचा खरा राजा. त्यामुळं या वस्तूला देवळातली पूज्य वस्तू आणि राज्याची मोहोर असं दुहेरी मोल आलं. हे दुहेरी मोल ध्यानात घेतलं नाही तर पुढची हकिकत नीट कळत नाही.

१५६० साली व्हाइसरॉय दों कोंश्तांतिनू द ब्रागांस यानं लंकेच्या उत्तर टोकाला जाफन्यावर स्वारी केली. लुटीत सोन्यात मढवलेला एक दात सापडला. हाच तो बुद्धाचा दात, अशी बोलवा झाली आणि दात गोव्यात आणला गेला. बातमी समुद्रापार ब्रह्मदेशात पोचली. तिथं पेगूचा राजा बायिन्नाउंग राज्य करत होता. मोठा पराक्रमी आणि निष्ठावान बौद्ध. त्यानं गोव्याला वकील पाठवले : दात आम्हाला द्या, बदल्यात तीन ते चार लाख क्रुझाद देतो, शिवाय मलाक्क्याच्या तुमच्या किल्ल्याला धान्य पुरवतो. हा आकडा दियोगू दु कोतू यानं नोंदवला आहे. कोतू म्हणजे पुढं १५९५ पासून गोव्याच्या दफ्तरखान्याचा पहिला रखवालदार झालेला बखरकार. कागद जपण्याचं काम करणाऱ्या माणसाविषयी मला उगाच जवळीक वाटते, आणि या प्रकरणाचा सगळा तपशील मिळतो तोही मुख्यत्वे त्याच्याचमुळं.

गोव्याची तिजोरी रिकामी होती. कप्तान आणि सरदार म्हणाले, घ्या पैसे. पण पहिले आर्चबिशप दों गास्पार द लियांव नुकतेच, त्याच १५६० साली, गोव्यात आले होते. त्यांनी ठाम विरोध केला. मूर्तिपूजेला हातभार लावून मिळणारा पैसा पापाचा, असं त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉयनं धर्मशास्त्री आणि सरदार यांची सभा भरवली, चर्चा झाली आणि निर्णय आर्चबिशपच्या बाजूनं लागला. मग सगळ्यांच्या देखत दात एका खलात घातला गेला. आर्चबिशपनी स्वतःच्या हातानं तो कुटला, त्याची पूड शेगडीत जाळली आणि राख निखाऱ्यांसकट नदीत टाकून दिली. हे वर्ष १५६१ होतं.

या हकिकतीचा पाठ आणखी एकानं दिला आहे. यान ह्यूगेन व्हान लिन्सखोतन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. पुढच्या काळात त्याचं प्रवासवर्णन युरोपभर गाजलं. त्यानं त्या दाताला माकडाचा दात म्हटलं आहे. लंका म्हटल्यावर हनुमंत, आणि दात म्हटल्यावर तोही हनुमंताचाच, असा काहीतरी घोटाळा तेव्हाच्या युरोपियनांच्या डोक्यात झालेला दिसतो. ज्या वस्तूसाठी लाखांचा सौदा चालला होता ती नेमकी कुणाची, हेही ती नष्ट करणाऱ्यांच्या जगाला धड ठाऊक नव्हतं.

या गोष्टीकडं निव्वळ लंकेची गोष्ट म्हणून बघता येत नाही, कारण तारखा. १५६० सालीच गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. तिसवाडीतली देवळं त्याआधी वीस वर्षांपूर्वीच पाडली गेली होती. आता साष्टीची पाळी होती. त्याच १५६० साली कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता, म्हणून तिथं. ज्या दिवसांत जुन्या गोव्यात खल वाजत होता, त्याच दिवसांत थोड्या कोसांवर आपले पूर्वज देव घेऊन होडीत बसत होते. दोन्हीकडं राजवट एक, तर्क एक आणि भीतीही तीच.

आता कँडीच्या बाजूनं काय घडलं ते पाहा. सिंहली परंपरा म्हणते की गोव्यात कुटला गेलेला दात खरा नव्हताच. कोट्टेचा राजा धर्मपाल १५५७ मध्ये ख्रिस्ती झाला आणि त्यानं बौद्ध विहारांच्या जमिनी पाद्र्यांना दिल्या. तेव्हा दाताची देखभाल करणाऱ्या दरबारी अधिकाऱ्यानं खरा दात गुपचूप काढून रत्नपूर भागातल्या देल्गमुव विहारात पोचवला. तिथल्या भिक्षूंनी तो कुठं ठेवावा? कुरक्कन दळायच्या जात्यात! कुरक्कन म्हणजे आपली नाचणी. दगडात पोकळी करून तिच्यात दात लपवला आणि तो दगड चार दगडांसारखा पडून राहिला. पोर्तुगीज शिपाई आला तरी नाचणीच्या जात्याकडं कोण बघतो?

ही गोष्ट ऐकल्यापासून हे दोन दगड माझ्या मनातून जात नाहीत. एक गोव्यातला, दात कुटणारा. दुसरा रत्नपूरचा, दात राखणारा.

तिथून दात कँडीला आणला तो विमलधर्मसूर्य पहिला या राजानं, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. आणि हा राजा कोण? त्याचं मूळचं नाव कोनप्पु बंडार. पोर्तुगीजांनी त्याचा बाप्तिस्मा करून ‘दों जुवांव द ऑस्ट्रिया’ असं भारदस्त नाव ठेवलं होतं, आणि त्याला काही काळ गोव्यात हद्दपारीत राहावं लागलं होतं. पोर्तुगीज लढतात कसे, त्यांची शिस्त कुठं कच्ची पडते, हे सगळं तो जवळून शिकला. लंकेत परतल्यावर त्यानं पोर्तुगीजांच्याच मदतीनं डोंगर चढला आणि वर पोचताच त्यांच्यावर उलटला. मग पुन्हा बौद्ध होऊन, देल्गमुवहून दात आणवून, त्यानं राजवाड्याजवळ त्याच्यासाठी दुमजली मंदिर बांधलं. १५९४ ची ती लढाई जिंकणाराही तोच. गोव्यानं एका हातानं दात कुटला आणि दुसऱ्या हातानं त्या दाताला पुन्हा गादीवर बसवणारा राजा घडवला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

खरा दात कुठला, हा प्रश्न साहजिकच येतो. गोव्यातला प्रकार झाल्यावर पेगूच्या राजाला कोट्टेच्या दरबाराकडून एक दात पोचवण्यात आला, असंही कोतू लिहितो. म्हणजे जाफन्याचा एक, कोट्टेचा एक, कँडीचा एक! हसू येतं खरं. पण जरा थांबून आपल्याकडं बघावं. पालखीपुढं उभं राहून ही मूर्ती मूळचीच कशावरून, असं आपल्यातलं कोण विचारतं? लोक तिच्यासाठी नदी ओलांडून आले, परक्या गावात पिढ्यान् पिढ्या राहिले, तिथंच दिवे लावले, हाच तिचा पुरावा. आर्चबिशपनी हाड कुटलं, पण त्या हाडाच्या नावानं पुन्हा एकत्र येणाऱ्या लोकांना कुटायला त्यांच्याकडं खल नव्हता.

कँडीच्या देवळात मी गेलो तेव्हा संध्याकाळच्या पूजेची वेळ होती. दिवसातून तीनदा पूजा होते. ढोल आणि सनईसारखी वाद्यं वाजत असतात आणि शुभ्र कपड्यांतली माणसं कमळं व चाफ्याची फुलं घेऊन रांगेत उभी असतात. दात दिसत नाही. तो एकात एक अशा सात सुवर्णकरंड्यांच्या आत असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या दारातून घटकाभर फक्त बाहेरच्या करंड्याचं दर्शन घडतं. माझ्या पुढच्या बाईनं लहान मुलाला उचलून धरलं होतं. मूल काहीच दिसलं नाही म्हणून रडत होतं, आणि बाई मात्र समाधानानं हात जोडत होती. देवळाबाहेर तळं आहे. शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह यानं १८०७ मध्ये भातशेतीच्या जागेवर ते बांधवलं. देवळाच्या आसपास नाथ, विष्णू, पत्तिनी आणि कतरगम या देवांची चार देवळं आहेत, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्या पेरहेर मिरवणुकीत दळदाच्या हत्तीमागून या चारही देवांचे हत्ती चालतात. शेवटी गेटंबे इथं महावेलीच्या पाण्यात विधी होऊन उत्सव संपतो. जत्रेची सवय असलेल्या गोवेकराला यातलं काहीही समजावून द्यावं लागत नाही.

याच कँडीत गोव्याचं दुसरं एक नाव आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना लंकेतून पार हुसकलं आणि तिथल्या कॅथलिकांवर संकट आलं. पाद्री परागंदा, प्रार्थनेला बंदी. हे ऐकून गोव्याचे एक पाद्री १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले, सांकवाळचे फादर जोसेफ वाझ. १६९२ मध्ये ते कँडीला आले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं गेलं. पण त्यांचं वागणं बघून राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा संशय फिटला आणि त्यानं त्यांना मोकळीक दिली. पुढं देवीची साथ आली तेव्हा वाझ यांनी आजाऱ्यांची सेवा केली, जातधर्म न बघता. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं. त्यांच्या मागून गेलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहली भाषेत इतकं लिहिलं की कॅथलिक सिंहली साहित्याचा पाया त्यांच्याच नावावर आहे.

विचार करा. ज्या राजघराण्याचा पवित्र दात गोव्याच्या आर्चबिशपनी कुटला असं सांगितलं जात होतं, त्याच गादीवरच्या बौद्ध राजानं गोव्याहून आलेल्या पाद्र्याला आसरा दिला. तोही ख्रिस्ती डचांनी ख्रिस्त्यांना छळायला घेतल्यावर. कँडीच्या राजाला सूड घ्यायला कारण होतं आणि संधीही होती.

म्हणून कँडी म्हणजे सहिष्णुतेचं नंदनवन होतं असं मात्र समजू नये. दात ही राज्याची मोहोर होती आणि मोहोरेसाठी माणसं मारलीही गेली. १८१५ मध्ये कँडीच्याच सरदारांनी आपला राजा इंग्रजांच्या हवाली केला, आणि तो वेल्लोरला कैदेत १८३२ मध्ये मेला. पुढं इंग्रजांनी डोंगर साफ करून कॉफी लावली, १८६९ नंतर रोगानं ती बसली, मग चहा आला. कँडीहून नुवारा एलियाला चढताना दोन्ही बाजूंना जी हिरवी गालिच्यासारखी खोरी दिसतात, ती तमिळ मजुरांच्या पिढ्यांनी उभी केली. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कायदा करून त्यांतल्या बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारण्यात आलं. २५ जानेवारी १९९८ रोजी तमिळ वाघांनी दळदा माळिगावाच्या दारात स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला. माणसं मेली, देवळाची मोठी पडझड झाली. दात सुरक्षित राहिला आणि देऊळ पुन्हा नीट केलं गेलं. म्हणजे खल काही १५६१ मध्ये गोव्यातच राहिला नाही, तो हातोहाती फिरत राहिला.

जुन्या गोव्यात आपण पाहुण्यांना घेऊन जातो. से कॅथेड्रल, बॉं जेझूस, व्हाइसरॉयची कमान दाखवतो. या दाताविषयी सांगणारी एखादी पाटी मला तरी तिथं आढळली नाही. ती असावी असं मला वाटतं. कुणाला दोष देण्यासाठी ती नको, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा दोष आजच्या शेजाऱ्याच्या दारात टाकणं शहाणपणाचं नाही. पण कँडीहून किंवा ब्रह्मदेशातून एखादा भाविक मांडवीच्या काठी आला, तर आपल्या श्रद्धेची राख याच पाण्यात पडली असं सांगितलं जातं, एवढं तरी त्याला कळावं. आणि त्या पाटीवर दोन ओळी बाणावलीच्या त्या पाद्र्याविषयीही असाव्यात.

कँडीला जाणार असाल तर एका रात्रीऐवजी दोन रात्री ठेवा. संध्याकाळची पूजा चुकवू नका, आणि सवड मिळाली तर पेरादेनियाला महावेलीच्या काठी जाऊन पलीकडच्या गन्नोरुवाकडं पाच मिनिटं बघा. वाटाड्यानं विचारलं, "कुठून आलात?" तर गोव्याहून म्हणून सांगा. त्याला जर ही गोष्ट ठाऊक नसेल तर तुम्हीच त्याला सांगा. दोन्ही दगडांची सांगा.